पिशवीच्या गाठी आणि लहान टाक्याचा मोह

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक जुना: ‘मुलंबाळं झाली ना, मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ दुसरा नवा: ‘हल्ली दुर्बिणीतून होतं, टाकेसुद्धा दिसत नाहीत.’ दुसरा सल्ला पहिल्याच्या विरुद्ध वाटतो, पण बहुतेक वेळा तो पहिल्याचीच सुधारलेली आवृत्ती असतो. कारण दुर्बिणीतून गाठच काढता येते असे नाही, अख्खे गर्भाशयही काढता येते. पोटावर तीन-चार बारीक छेद, दोन दिवसांत घरी, आणि तरीही पिशवी कायमची गेलेली. म्हणून ‘मोठे ऑपरेशन की कमी चिरफाड’ अशी तुलनाच अपुरी आहे. छेद किती लहान, यापेक्षा उपचारानंतर शरीरात काय उरणार आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागण्याची शक्यता किती, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतून वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते, त्यामुळे पाळी कायमची थांबल्यावर सहसा आकसते. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात अशी एखादी तरी गाठ झालेली असते, पण अनेकींना तिचा पत्ताही लागत नाही. त्रास नसेल तर बहुतेक वेळा उपचाराचीही गरज नसते. त्रास होतो तो गाठीच्या जागेनुसार. आतल्या पोकळीत डोकावणारी लहानशी गाठ इतके अंगावरून जायला लावते की हिमोग्लोबिन सात-आठवर येते. बाहेरच्या बाजूची मोठी गाठ मात्र पाळीला धक्का न लावता फक्त मूत्राशयावर दाब देते. रक्तस्राव हीच मुख्य तक्रार असेल आणि गाठींनी पोकळीचा आकार बिघडवला नसेल, तर ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबी एवढ्यावरही भागू शकते.

पोकळीतल्या गाठीसाठी पोटावर छेद लागतच नाही. योनिमार्गातून दुर्बीण आत जाते, द्रवाने पोकळी फुगवली जाते आणि विजेवर तापणाऱ्या तारेच्या फासाने गाठ पापुद्र्या-पापुद्र्याने तासली जाते. स्नायूच्या भिंतीतल्या गाठी पोट उघडून किंवा दुर्बिणीतून काढून गर्भाशय शिवता येते, तीच मायोमेक्टॉमी. तिसरी वाट रक्तवाहिनीतून जाते. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी एक्स-रेच्या पडद्यावर पाहत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे सूक्ष्म कण सोडून गाठींचा रक्तपुरवठा तोडतात. पूर्ण भूल लागत नाही. पहिला दिवस मात्र चांगलाच दुखतो आणि गाठ आकसायला काही महिने लागतात. या पद्धतीला एम्बोलायझेशन म्हणतात. पॅरिसच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये फायब्रॉइडवरचा उपचार म्हणून तिची माहिती प्रसिद्ध केली.

या पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या गेल्या आहेत. ब्रिटनमधल्या 157 स्त्रियांच्या ‘रेस्ट’ चाचणीत एम्बोलायझेशन झालेल्या साधारण एका दिवसात घरी गेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या पाच दिवसांनी. कामावर परतायला पहिल्यांना सुमारे 20 दिवस लागले, दुसऱ्यांना 62. पाच वर्षांनंतर जीवनमानात फारसा फरक उरला नाही, पण एम्बोलायझेशनच्या गटात सुमारे 32 टक्के स्त्रियांना पुन्हा उपचार घ्यावा लागला. शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे 4 टक्के. नेदरलँड्सच्या ‘एमी’ चाचणीत दहा वर्षांनी एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींचे गर्भाशय शाबूत होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ चाचणीत, पिशवी राखू इच्छिणाऱ्या 254 स्त्रियांमध्ये, दोन वर्षांनंतर मायोमेक्टॉमी झालेल्यांचे जीवनमान काहीसे वरचढ निघाले. म्हणजे छेद जितका लहान तितका उपचार सरस, असे हे आकडे सांगत नाहीत. लवकर उठून कामाला लागण्याची किंमत काही जणींना पुढे दुसऱ्या उपचाराने मोजावी लागते, असे सांगतात.

यावर रास्त आक्षेप असा की, हातावर पोट असलेल्या बाईला पुन्हा-पुन्हा खेटे परवडणार नाहीत. एकदाच काय ते होऊन जावे. सगळे समजून तिने हे ठरवले असेल तर हिस्टरेक्टॉमी, म्हणजे पिशवी काढणे, हा उत्तम आणि खात्रीचा उपचार आहे. फायब्रॉइड परत होण्याचा प्रश्नच मिटतो. पण ‘एकदाच काय ते’ कुठवर जाते हे बीडने दाखवले आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्यांना गाठी होत्या असे नव्हे. कुणाला अंगावरून पांढरे जात होते, कुणाला कॅन्सरची भीती घातली गेली होती, आणि खाडा झाला की मजुरी कापली जाण्याची टांगती तलवार होतीच. ओव्हरी ठेवल्या तरी पिशवी काढल्यावर रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. तिशीतल्या बाईच्या हाडांसाठी आणि हृदयासाठी ही किरकोळ बाब नाही.

दुसरा आक्षेप कॅन्सरचा. गाठ वाटली ती सार्कोमा निघण्याचा धोका फार कमी, पण शून्य नाही. म्हणूनच गाठीचे पोटातच तुकडे करणाऱ्या मॉर्सेलेटर यंत्राविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये इशारा दिला. तिथे धोका वाढवला तो लहान छेदाच्या आग्रहाने: मोठी गाठ बारीक भोकातून बाहेर काढायची म्हणून तुकडे करायचे आणि लपलेला कॅन्सर पोटभर पसरवायचा. वय जास्त असेल किंवा पाळी गेल्यावर गाठ वाढत असेल, तर मोठा छेदच अधिक सुरक्षित ठरू शकतो.

अनावश्यक हिस्टरेक्टॉमी रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये दिला. पण ‘पिशवी काढू नका’ म्हणणे पुरेसे नाही. तालुक्याच्या ठिकाणी फक्त पिशवी काढण्याचीच सोय असेल, तर बाईची संमती ही निवड नसून नाइलाज ठरते. गाठ कुठे आहे, मूल हवे आहे का, रजोनिवृत्ती किती दूर आहे आणि पुन्हा यायची तयारी आहे का, ही चौकशी सही घेण्याआधी झाली पाहिजे. आणि उत्तरांना साजेसा उपचार जवळ नसेल, तर तो जिथे मिळतो तिथे पाठवणे हीसुद्धा डॉक्टरांचीच जबाबदारी आहे.