हिमवादळांशी सामना : खरी लढाई बर्फ पडण्यापूर्वीची

जपानच्या निगाता प्रांतात छपरांवर मीटरभर बर्फ साचला तरी बाजारपेठा सुरू असतात. याउलट फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात बहुतेक भागांत वीतभरही नसलेल्या बर्फाने आणि सोबतच्या कडाक्याच्या थंडीने ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात बुडाली. राज्य सरकारच्या नोंदीनुसार २४६ जणांचा त्यात बळी गेला. बर्फ किती पडला, यापेक्षा तो पडण्यापूर्वी काय तयारी होती, यावरच हानीचे प्रमाण ठरते.

हिमवादळ कसे घडते?

जोरदार हिमवृष्टीसाठी थंड हवा आणि भरपूर बाष्प, दोन्हींची गरज असते. सैबेरियातून येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प शोषून घेतात आणि पश्चिम किनाऱ्यावरील पर्वतांना अडल्यावर ते बर्फाच्या रूपाने रिते करतात. अमेरिकेतील बफेलो शहरावर हेच काम इरी सरोवर करते. काश्मीर व हिमाचल प्रदेशात भूमध्य समुद्राच्या दिशेकडून येणारे 'पश्चिमी विक्षोभ' हिमवृष्टी घडवतात. कारणे वेगळी, तसा बर्फही वेगळा. म्हणूनच उपायही सर्वत्र सारखे नसतात.

जपान : रस्त्याखालचे पाणी

निगातातील बर्फ ओला आणि जड असतो, कारण तेथील हिवाळी तापमान शून्याच्या आसपास घुटमळते. नागाओका शहराने १९६१ मध्ये यावर नामी उपाय योजला. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही १३-१४ अंश सेल्सिअस इतके उबदार असते. ते नळांद्वारे रस्त्यावर शिंपडले, की बर्फ साचण्याआधीच वितळतो. मात्र होक्काइडोसारख्या अतिथंड बेटावर हाच उपाय केला, तर पाणीच गोठून रस्त्याची घसरगुंडी होईल. शिवाय अतिउपशामुळे जमीन खचण्याचा प्रश्नही निगातात उभा राहिला.

छपरांवरील बर्फाचे वजन हे आणखी एक संकट. दबलेल्या बर्फाचे वजन घनमीटरला २०० ते ३०० किलो भरते. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर मीटरभर असा बर्फ साचल्यास २० ते ३० टनांचा भार पडतो. तो वेळीच उतरवावा लागतो. परंतु तरुण शहरांकडे गेल्याने हे काम वृद्धांवर येते. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळे १५२ जण दगावले. त्यांत वृद्धांचे आणि बर्फ उपसताना प्राणास मुकलेल्यांचे प्रमाण मोठे होते. यंत्रणा कितीही सज्ज असली तरी फावडे हाती धरणारा माणूस एकटा असेल, तर साखळी तेथेच तुटते.

अमेरिका : सराव आणि गाफीलपणा

बफेलोला बर्फाचा सराव आहे. तरीही डिसेंबर २०२२ मधील हिमवादळात त्या परिसरात ४० हून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. सोसाट्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात समोरचे काही दिसेनासे झाले आणि रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्याही अडकून पडल्या. वाहनबंदी जाहीर झाली तेव्हा अनेकजण कामासाठी घराबाहेर पडले होते. अंदाज अचूक असूनही निर्णयाला विलंब झाला, तर त्या अंदाजाचा उपयोग मर्यादितच राहतो.

टेक्सासची कथा निराळी. तेथील विहिरी, वायुवाहिन्या आणि वीजकेंद्रे उन्हाळ्याचा विचार करून उभारलेली. २०११ मध्येही अशीच गोठण झाली होती आणि यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याची शिफारस करण्यात आली होती. परंतु ती बंधनकारक नव्हती. राज्याची वीजवाहिनी इतर राज्यांच्या जाळ्यापासून बव्हंशी अलग असल्याने बाहेरून मदतही फारशी मिळाली नाही. सज्जतेची सक्ती करणारा कायदा झाला, तो या दुर्घटनेनंतर. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

काश्मीर : कोठार आणि बोगदा

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा 'चिल्लई कलान' हा सर्वांत कडक थंडीचा काळ मानला जातो. त्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. वांगी, टोमॅटो, दुधी भोपळा, शलगम उन्हात वाळवून ठेवले जातात. लाकूडफाटा व कोळसा साठवला जातो. जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला तरी चूल पेटती राहावी, हा यामागचा साधा हिशेब.

हिमाचलमधील लाहौल खोऱ्याचा संपर्क रोहतांग खिंड बंद झाली, की अनेक महिने तुटत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने हे चित्र पुष्कळ बदलले. मात्र वाट सुकर झाल्याने पर्यटकांची गर्दीही वाढली.

पर्यटकांनो, सावधान!

ही गर्दी कशी जिवावर बेतते, हे जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे दिसले. बर्फ पाहण्यासाठी लोटलेली हजारो वाहने घाटात अडकली आणि वीसहून अधिक जण गाडीतच मरण पावले. बर्फाने धूरनळी बुजली, की इंजिनातील कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरू शकतो. त्याला रंग वा वास नसतो. त्यामुळे गुंगी येत असतानाही धोका उमगत नाही.

महाराष्ट्रातून हिवाळ्यात मनाली, गुलमर्गला जाणाऱ्यांनी म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि स्थानिक प्रशासनाने रस्ता बंद केला असल्यास हट्ट धरू नये. पाणी, कोरडा खाऊ, ब्लँकेट व टॉर्च जवळ ठेवावेत. गाडी अडकल्यास ती सोडून पायी भटकू नये. धूरनळीभोवतीचा बर्फ वारंवार काढावा, इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवावे आणि त्या वेळी खिडकी थोडी उघडी ठेवावी. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. सहलीचा एक दिवस वाया गेला, तर तो पुन्हा काढता येतो.