काळजाची चूल

मूठ आवळून पाहा. आपले हृदय साधारण तेवढेच. वजन पाव किलोहून थोडे जास्त. पण हा गडी दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आवळतो नि सैल होतो. आपण बसलेले असतो तेव्हाही दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त अंगभर फिरवतो. नांगराचे बैल दुपारी सोडतात. याला सुट्टी नाही.

एवढ्या कामाला शिदोरी हवीच. हृदयाचा स्नायू बारीक पेशींचा बनलेला आहे. त्या पेशी मुख्यतः चरबी आणि थोडी साखर जाळून शक्ती काढतात. चुलीला जसा वारा, तसा इथे प्राणवायू लागतो. तो रक्तातून येतो. कोणी विचारील, हृदय तर रक्ताने भरलेले, मग त्याला कमी कशाची? पण ते रक्त पुढे जायचे असते. पाटाचे पाणी दुसऱ्याच्या शेताचे, तसे ते. स्वतः हृदयाला रक्त मिळते ते वेगळ्या, बाहेरून गेलेल्या नळ्यांतून. त्यांत चरबीचा थर बसला, त्यावर गुठळी धरली, की वाट बुजते.

मग पेशीचे हाल सुरू होतात. तयार शक्तीचा साठा काही सेकंदांपुरताच, हातावर पोट म्हणा ना! चरबी तर प्राणवायूवाचून जळत नाही. पेशी साखर अर्धवट मोडू लागते. पुऱ्या जळणात साखरेच्या एका कणातून शक्तीचे सुमारे ३० वाटे निघतात. आता जेमतेम २. शिवाय आम्ल साचते. दही आंबट करतं तेच हे आम्ल. ते वाहून न्यायला रक्त नाही, म्हणून साखर मोडणेही मंदावते. मिनिटभरात पेशी आवळेनाशी होते. तेवढा खर्च वाचतो खरा, पण मिठातला नि चुन्यातला अंश बाहेर उपसायलाही शक्ती लागते. तो आत साठतो, पेशी फुगते. नळी पुरी बुजली तर सुमारे २० मिनिटांनंतर पेशी मरू लागतात.

छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम आला, तरी आपली मंडळी वायगोळा समजून ओवा चावत बसतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. ओव्याने गुठळी हलत नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की गाडी येते, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात गुठळी विरघळवण्याचे औषध देतात, किंवा बारीक फुग्याने नळी मोकळी करतात.

रक्त परत आले तरी दमलेल्या पेशी लगेच उठत नाहीत. काही तास, कधी काही दिवस घेतात. मेलेल्या पेशींच्या जागी वण धरतो, आणि वण आवळत नाही.