सूर्याकडे पाठ करून पाहायचं शहर

तटबंदीतली गावं : लेखांक ६

ग्रीक बेटावरचा सूर्यास्त म्हटलं की सांतोरिनीचं इया गाव आठवतं. पांढरी घरं, निळे घुमट, कठड्यावर दाटीवाटीने उभी असलेली माणसं आणि समोर समुद्रात बुडणारं बिंब. कॉर्फूच्या जुन्या शहरात हे दृश्य मिळत नाही. हे शहर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेलं आहे आणि त्याचं तोंड अल्बानिया आणि एपिरसच्या डोंगरांकडे आहे. सूर्य मावळतो तो शहराच्या पाठीमागे, बेटावरच्या टेकड्यांआड. तरीही वाटाड्याबरोबरची संध्याकाळची पायी सहल मला इथेच सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तिरपी उन्हं इथे कुठल्या भिंतीवर टिकतात, कुठल्या बोळात शिरतच नाहीत आणि कुठल्या मैदानावर मोकळी पसरतात, ते पाहत चाललं की शहराचा चारशे वर्षांचा इतिहास पायाखालून उलगडत जातो. ऊन आणि सावलीची ही वाटणी केली ती वेढ्याच्या भीतीने.

गेल्या आठवड्यात आपण रोड्सला होतो. १५२२ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानने रोड्स घेतलं. पंधरा वर्षांनी, १५३७ मध्ये, त्याचंच सैन्य कॉर्फूवर उतरलं. (आणि त्याच्याच आरमाराने १५३८ मध्ये दीवला पोर्तुगिजांना वेढा घातला. एकाच सत्तेचे हात किती लांब पोचत होते ते यावरून कळतं.) कॉर्फू तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होतं आणि १३८६ पासून १७९७ पर्यंत ते राहिलं. एड्रियाटिक समुद्राच्या तोंडाशी असलेलं हे बेट गेलं असतं, तर व्हेनिसच्या जहाजांना घराबाहेर पडणं अवघड झालं असतं. म्हणून या छोट्या शहरावर व्हेनिसने पैसा आणि इंजिनिअर दोन्ही सढळ हाताने लावले.

१५३७ मध्ये मात्र किल्ला होता तो फक्त पूर्वेच्या खडकाळ भूशिरावर. बहुसंख्य लोक किल्ल्याबाहेरच्या वस्तीत राहत. वेढा पडला तेव्हा सगळ्यांना आत जागा मिळाली नाही. किल्ला टिकला, पण बाहेर उरलेली हजारो माणसं गुलाम म्हणून नेली गेली. १५७१ मध्ये पुन्हा हल्ला झाला, बाहेरची वस्ती पुन्हा जळली. त्यानंतर कुठे व्हेनिसने वस्तीभोवती तट घालायचं मनावर घेतलं. १५७६ पासून फेरांते व्हितेल्ली या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे तट उठला आणि पश्चिमेच्या टेकडीवर दुसरा किल्ला उभा राहिला. त्याला आजही नवा किल्लाच म्हणतात.

सहलीची सुरुवात या नव्या किल्ल्यापाशी करावी, म्हणजे उन्हाकडे पाठ करून पूर्वेला चालत जाता येतं. जूनअखेर इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरअखेर साडेसातच्या आसपास. निघायचं ते दोन तास आधी. ग्रीसमध्ये वाटाड्या होण्यासाठी शासनमान्य प्रशिक्षण आणि परवाना लागतो, त्यामुळे सोबत चालणारी व्यक्ती इतिहास आणि पुरातत्त्व शिकून आलेली असते. तिला मनमोकळे प्रश्न विचारावेत.

पहिला थांबा किल्ल्याच्या पायथ्याची ज्यूंची वस्ती. इथून घाईने पुढे जाऊ नये. इथे सतराव्या शतकातलं एक सिनेगॉग अजून उभं आहे. त्याच्या आसपास छप्पर नसलेली, खिडक्यांच्या चौकटीतून आभाळ दिसणारी घरं दिसतात. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, तेव्हाच्या या खुणा. त्याच हल्ल्यात शहराचं नाट्यगृह आणि आयोनियन अकादमीचं ग्रंथालयही जळालं. पुढच्या वर्षी, ९ जून १९४४ रोजी, जर्मनांनी इथल्या सुमारे दोन हजार ज्यूंना पकडून जुन्या किल्ल्यात कोंडलं आणि तिथून आउश्वित्झला पाठवलं. फार थोडे परत आले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून तेव्हा तीन दिवस झाले होते. दक्षिणेच्या झाकिंथोस बेटावर मात्र ज्यूंच्या नावांची यादी मागितली गेली तेव्हा महापौर आणि बिशप यांनी त्यावर फक्त स्वतःची दोन नावं लिहून दिली, असं सांगितलं जातं. तिथले सर्व, म्हणजे २७५ ज्यू वाचले. दोन बेटांची ही दोन भवितव्यं एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय इथल्या चौकातलं ज्यूंचं स्मारक नीट समजत नाही. आई, वडील आणि मुलांच्या त्या पुतळ्यापाशी पाच मिनिटं थांबावं.

इथून ईशान्येला काम्पिएलो. शहराचा सर्वांत जुना भाग. तटाच्या आत जागा ठरलेली होती आणि माणसं वाढत होती, म्हणून घरं वर वर चढत गेली. पाच-पाच, सहा-सहा मजले. मधल्या बोळांना इथे कांदूनी म्हणतात. काही इतके अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. संध्याकाळी सहालाच बोळाच्या तळाशी सावली दाटते आणि वरच्या मजल्यांचा पिवळा, गेरूसारखा रंग मात्र उजळलेला असतो. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमधून दोऱ्या टाकलेल्या, त्यांवर धुणं. प्रवासी याचे फोटो काढतात, पण हे इतकं वर का वाळत घालावं लागतं याचं उत्तर १५७६ च्या आराखड्यात आहे. खाली ऊन पोचत नाही.

पाण्याचाही प्रश्न होताच. तटाबाहेर शत्रू असताना पाणी आत हवं, म्हणून विहिरी आणि टाक्या. काम्पिएलोतल्या क्रेमास्ती नावाच्या छोट्या चौकात १६९९ सालची कोरीव दगडी विहीर आहे. तिच्या मुखावरचं नक्षीकाम तिरप्या उन्हात फार स्पष्ट दिसतं, भर दुपारी ते सपाट वाटतं.

बोळांतून डोकं वर काढलं की एक लाल घुमटाचा मनोरा सारखा दिसत राहतो. तो संत स्पिरिदोनच्या १५८९ सालच्या चर्चचा. हा संत मूळचा सायप्रसचा बिशप, चौथ्या शतकातला. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडल्यावर त्याचा देह इकडे आणला गेला आणि तो बेटाचा रक्षक झाला. इथे कुणालाही हाक मारायची तर स्पिरोस म्हणून मारून पाहावी, दोघे-तिघे वळतील. वर्षातून चार वेळा संताचा देह पालखीतून शहरात मिरवला जातो. दोन मिरवणुका प्लेगमधून सुटकेच्या, एक दुष्काळातून सुटकेची आणि चौथी ११ ऑगस्टची. १७१६ मध्ये तुर्की सैन्याने कॉर्फूला अखेरचा मोठा वेढा घातला होता. बचावाची सूत्रं शुलेनबुर्ग या जर्मन सेनानीकडे होती. ऑगस्टमध्ये मोठं वादळ आलं, छावणी पाण्याखाली गेली आणि वेढा उठला. लोकांनी ते श्रेय संताला दिलं. व्हेनिसने शुलेनबुर्गचा पुतळा त्याच्या हयातीतच उभारला, जो आजही जुन्या किल्ल्यासमोर आहे. विवाल्डीनेही याच विजयाच्या निमित्ताने त्या वर्षी ‘युडिथा ट्रायम्फान्स’ हा ओरातोरिओ (धार्मिक गायनप्रयोग) रचला.

मिरवणुकांच्या पुढे बँड चालतात. व्हेनिस आणि फ्रेंचांनंतर आलेल्या ब्रिटिशांच्या अमलात लष्करी बँड ऑर्थोडॉक्स मिरवणुकांत वाजवण्यास मनाई झाली, तेव्हा कॉर्फूकरांनी १८४० मध्ये स्वतःची फिलहार्मोनिक संस्था काढली. तिचा संगीतकार निकोलाओस मांत्झारोस. ग्रीसच्या राष्ट्रगीताची चाल त्याची आणि ते शब्द लिहिणारा दिओनिसिओस सोलोमोसही आयुष्याची अखेरची तीन दशकं याच शहरात राहिला. संध्याकाळी चालताना एखाद्या वरच्या खिडकीतून क्लॅरिनेटचा सराव ऐकू येतो तो याच परंपरेतला. आजही शाळकरी मुलं बँडच्या संस्थांत फुकट वाद्य शिकतात. मला कॉर्फूबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

आणि मग अचानक बोळ संपतो, समोर पसरतं प्रचंड मोकळं मैदान. स्पियानादा. बाल्कनमधल्या सर्वांत मोठ्या चौकांत त्याची गणना होते. इतक्या कोंदट शहराच्या कडेला एवढी जागा उरली कशी? ती उरली नाही, काढली गेली. जुन्या किल्ल्यावरच्या तोफांना समोरचा पल्ला मोकळा हवा, शत्रूला आडोसा मिळता कामा नये, म्हणून व्हेनिसने इथली घरं पाडली.

मुंबईकराला हे ऐकताना काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांना धास्ती बसली. व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून कोटाभोवती खंदक खणला गेला आणि पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने कोटाबाहेरची घरं, माडांच्या राया साफ करून तोफांसाठी मोकळं रान तयार केलं गेलं. तेच एस्प्लनेड, म्हणजे आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानं. स्पियानादालाही इंग्रज एस्प्लनेडच म्हणत. दोन्ही ठिकाणी तोफा कधीच थंडावल्या आणि दोन्ही ठिकाणी क्रिकेट आलं. कॉर्फूत १८२३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमार आणि शिबंदीतले अधिकारी यांच्यात पहिला सामना झाला. बघणाऱ्या स्थानिकांनी बॅट हातात घेतली आणि १८६४ मध्ये बेट ग्रीसला मिळाल्यावर, इंग्रज निघून गेल्यावरही खेळ सोडला नाही. ग्रीसमधलं क्रिकेट आजही मुख्यतः कॉर्फूचंच. बरेचसे सामने आता शहराबाहेरच्या मैदानांवर होतात, पण मुंबईत वाढलेल्या माणसाने ते हिरवळीचं चौकोनी रान पाहून दोन क्षण थांबावं.

मैदानाच्या पश्चिम कडेला लिस्तोन, कमानींची लांब ओळ. १८०७ पासूनच्या फ्रेंच अमलातली, पॅरिसच्या रिव्होली रस्त्याच्या धर्तीवरची. तेव्हा इथला फ्रेंच आयुक्त मात्यू द लेसेप्स होता. सुएझ कालव्याच्या फर्दिनां द लेसेप्सचा तो बाप. उत्तरेला ब्रिटिशांनी १८१९ ते १८२४ मध्ये माल्टाच्या दगडात बांधलेला राजवाडा. त्यात आता आशियाई कलेचं संग्रहालय आहे. निकोलाओस हाजीवासिलिऊ या राजदूताने दिलेल्या संग्रहामुळे भारतीय शिल्पंही तिथे आहेत. त्यासाठी दुसरी सकाळ राखून ठेवावी.

आता शेवटचा टप्पा. मैदान आणि जुना किल्ला यांच्यामध्ये समुद्राचं पाणी आत घेतलेला खंदक आहे. पूल ओलांडून आत जायचं आणि दीपगृहापर्यंत चढायचं. चढ दमवणारा आहे, दगड गुळगुळीत आहेत, चांगले बूट हवेत. दरवाजा बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आधी विचारून घ्यावी. वर पोचल्यावर प्रथमच मागे वळायचं. सूर्य नव्या किल्ल्याच्या पलीकडे, टेकड्यांवर टेकलेला असतो. शहर त्याच्यासमोर काळसर उभं राहतं आणि त्याची ठेवण एका नजरेत दिसते. दोन टोकांना दोन किल्ले, मध्ये चेपून वर सरकलेली घरं आणि अलीकडे माणसांनी हेतुपुरस्सर रिकामं केलेलं मैदान. नकाशावर हे मी अनेकदा पाहिलं होतं, पण कळलं ते इथे. मग पूर्वेला तोंड करावं. खाडीपलीकडचे अल्बानियाचे डोंगर गुलाबी होत जातात, आणि ते बिंबापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं.

इथूनच उत्तरेला हिरवं विदो बेट दिसतं. १९१६ मध्ये पराभूत सर्बियन सैन्य अल्बानियाचे बर्फाळ डोंगर तुडवत कॉर्फूला आलं. उपासमार आणि रोगांनी खंगलेले सैनिक विदोवर ठेवले गेले. दफनाला जमीन अपुरी पडली, तेव्हा हजारो मृतांना समुद्रात सोडावं लागलं. पुढच्या वर्षी, जुलै १९१७ मध्ये, युगोस्लाव्हियाच्या स्थापनेचा पाया घालणारा जाहीरनामा याच शहरात मंजूर झाला.

खाली उतरल्यावर लिस्तोनवर फेरफटका मारणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते. आजोबा, बाबागाड्या, चपळ पोरं, सगळी त्या कमानींखालून येरझाऱ्या घालतात. इथल्या कॅफेत त्सित्सिबिरा मिळते, इंग्रजांनी मागे ठेवलेलं आल्याचं पेय. आलं आपल्याला नवं नाही, तरी चव घ्यावी. जेवायचं ते मात्र काम्पिएलोत परत जाऊन. बोळांत रात्री दिवे लागल्यावर वाट चुकण्याची भीती बाळगू नये. कुठलाही उतार धरला तर शेवटी समुद्र किंवा तट लागतोच.

पुढच्या लेखांकात सीरोस बेटावरचं एर्मूपोली. तेही पूर्वेला तोंड करून बसलेलं आहे, पण त्याला कधी तट नव्हताच. १८२० च्या दशकात ख्योस आणि प्सारा बेटांवरून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी ते व्यापारावर उभारलं. मालिकेच्या नावात ते बसत नाही, तरीही कॉर्फूच्या शेजारी ठेवून ते पाहायचं आहे.