मुखत्यारपत्राचे राजकारण

अशिलाच्या वतीने न्यायालयात उभे राहावयाचे तर वकिलाला वकीलपत्र लागते. लोकांच्या वतीने बोलणाऱ्या पुढाऱ्याला मात्र असा कागद सहसा कोणी मागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका वकिलाने तो आपण होऊन मिळविला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका (१८२८-१८८०), यांच्या कारकिर्दीचे मर्म या गोष्टीत आहे.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांची तक्रार होती. ती मांडावयाची तर ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर म्हणून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासदाने किमान ५० व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम ठरला. प्रारंभीच्या ९५ सभासदांमागे अशा सुमारे ६,००० लोकांचा अधिकार उभा होता. पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी असावेत, असा अर्ज सभेने १८७५ साली केला. १८७७ च्या दिल्ली दरबारी काका खादी लेवून गेले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्यास ते कचरले नाहीत.

या सभेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्यात सरदार, इनामदार, सावकार व वकील यांचा भरणा होता. १८७५ साली सुप्यास कर्जखते जाळणारे कुणबी या मुखत्यारपत्रांवर क्वचितच दिसले असते. अधिकारपत्र खरे असले, तरी त्यावर सह्या कोणाच्या, हा प्रश्न उरतोच.

आमच्या हरसूल परिसरात हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मोठा अधिकार दिला. वनहक्काच्या दाव्याचा प्रारंभही २००६ च्या कायद्यान्वये ग्रामसभेतच होतो. येथे सही कुणब्याची, कोकण्याची, वारल्याची आहे. परंतु ठराव न ऐकताच नोंदवहीवर अंगठा उमटत असेल, तर ते मुखत्यारपत्र नव्हे, कोरा धनादेश होय.

काकांच्या काळी मतदानाचा हक्क नव्हता, म्हणून अधिकार मागून आणावा लागला. आज तो कायद्याने मिळाला आहे. तो न वाचता देऊन टाकण्याचा धोका आहे. गावातील शिक्षक, कारकून व महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी सह्या होण्यापूर्वी ठराव लोकांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावा. सार्वजनिक काकांचे याहून उचित स्मारक कोणते?