जत्रेचं खाजं

आरोंद्यात जत्रेचे दिवस आले की खाज्याच्या भट्ट्या पेटतात. बेसनाचं घट्ट पीठ सोऱ्यातून थेट तेलात पडतं आणि बोटाएवढ्या जाड कांड्या कडक होऊन निघतात. इथवर काम शेवेसारखंच. खरी परीक्षा पाकाची.

गुळात थोडं पाणी, ठेचलेलं आलं. कढई उकळली की वाफेनेच ठसका लागतो. पाकावरचे मोठे बुडबुडे हळूहळू बारीक होतात. मी उभा होतो तिथल्या काकी वाटीभर पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघत होत्या. "पाक कच्चो ऱ्हवलो तर खाजां चिकटतलां," त्या म्हणाल्या. गोळी जमली तशी कढई खाली उतरली, कांड्या आत पडल्या आणि उलथणं सुरू झालं. या उलथण्यात हात थांबवून चालत नाही, कारण सतत हलवल्यानेच गुळातल्या साखरेचे बारीक कण धरतात. चकाकणारा ओला गूळ बघता बघता मळकट, कोरडा होऊन कांडीला बसतो.

ताजी कांडी तोंडात टाकली की आधी गूळ विरघळतो, मग आलं झोंबतं, शेवटी बेसन. गोडाची ओढ जन्मापासूनची. आईचं दूधही गोडच. पण ही ओढ नुसत्या जिभेची नाही. आतड्यातल्या पेशीही साखर ओळखतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळवतात. म्हणून हात पुन्हा कागदाच्या पुडीकडे जातो.

जत्रेत तर जागरणाची भर. दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालतं. शिकागो विद्यापीठाच्या 2004 च्या एका अभ्यासात 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांच्यातलं भूक वाढवणारं संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं 18 टक्क्यांनी घटलं. गोड खाण्याची इच्छाही बळावली. नाटक संपल्यावर खाज्याच्या दुकानांवर जी झुंबड उडते, तिला देवीच्या प्रसादाइतकंच हे जागरणही कारण आहे असं मला वाटतं.

आरोंद्याजवळच्या तेरेखोल नदीपलीकडे, गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा आनंदच आहे, पण खाजं दोन्ही काठांचं. मुंबईला न्यायचं असेल तर विकत घेताना कांडी हातात धरून बघावी. बोटाला गूळ चिकटला नाही, तर ते खाजं पुढे बरेच दिवस टिकतं.