उपघटक ४.३ : लोकप्रिय भयकथेचे आकर्षण

उद्दिष्टे

या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
१. भयकथेच्या आकर्षणाची कारणे स्पष्ट करता येतील;
२. भुताविषयीची लोकसमजूत आणि भयकथा यांतील भेद सांगता येईल.

४.३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरच्या आसरा, पडक्या गढीतील खवीस यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आला आहात. जालना जिल्ह्यात रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यासाठी एकट्याने शेतात जाणाऱ्या माणसाला त्या आठवणे स्वाभाविक आहे. याच जिल्ह्यातील जांब (ता. घनसावंगी) हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत भूतबाधा आणि रोगव्याधी यांचा उल्लेख एकत्रच येतो. जी भीती दूर व्हावी म्हणून घरोघर तिन्हीसांजेला स्तोत्र म्हटले जाते, तीच भीती वाचक वाचनालयाची वर्गणी भरून घरी का आणतो, हा या उपघटकाचा प्रश्न आहे.

४.३.२ परंपरा

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकन मासिकांना ‘पल्प’ हे नाव पडले. १९२३ मध्ये सुरू झालेल्या ‘वीअर्ड टेल्स’मधून एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथा वाचकांपर्यंत पोहोचल्या. मराठीत अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मतकरींनी आपल्या कथांसाठी ‘गूढकथा’ हा शब्द रूढ केला. त्यांच्याकडे भयाचे मूळ पुष्कळदा माणसाच्या मनातच सापडते.

४.३.३ आकर्षणाची कारणे

(अ) परिचितात अपरिचिताचा प्रवेश : धारपांच्या एका प्रसिद्ध कथेचे नाव ‘आजी’ आहे. घरातील सर्वांत विश्वासाचे नातेच येथे भयाचे स्थान बनते. या कथेमागे स्टीफन किंग यांची ‘ग्रामा’ ही कथा आहे आणि ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाला धारपांच्या कथेतून प्रेरणा मिळाली. कथा एका भाषेतून दुसरीत जाऊनही टिकली, कारण आजी दोन्हीकडे आहे.

(आ) विलंब : भयकथाकार भयाचे कारण लगेच दाखवत नाही. आधी एखादा आवाज, एखादा वास, जागा बदललेली एखादी वस्तू एवढेच येते. उरलेले चित्र वाचक स्वतः रंगवतो. कथा एका बैठकीत संपणारी असल्याने हा ताण तुटत नाही.

(इ) भयाला मर्यादा : कर्ज, आजारपण, नापिकी यांची भीती कधी संपेल हे कोणी सांगू शकत नाही. कथेतील भीतीला मात्र शेवटचे पान असते, आणि पुस्तक मिटण्याचा अधिकार वाचकाकडे असतो.

(ई) कारणाचे समाधान : भयकथेतील अमंगळ शक्ती नियमाने वागते. धारपांचा ‘समर्थ’ हा नायक ते नियम ओळखून तिचा सामना करतो. प्रत्यक्षात संकटाचे कारण अनेकदा सापडतच नाही. कथेत ते बहुधा सापडते.

४.३.४ भयकथा आणि अंधश्रद्धा

भयकथा अंधश्रद्धा वाढवते, असा आक्षेप घेतला जातो. येथे एक भेद लक्षात घ्यावा. ‘आमच्या मामांनी स्वतः पाहिले’ असे सांगणारी लोकसमजूत विश्वास मागते. भयकथा वाचनापुरती संमती मागते. ‘चेटकीण’ हे धारपांच्या पुस्तकाचे नाव असते तेव्हा वाचक उत्सुकतेने पान उलटतो. तोच शब्द गावातील एखाद्या विधवेला चिकटवला की तिचे पाणी तुटते, प्रसंगी जीवही जातो. करणी-चेटूक करते असे भासवून एखाद्या व्यक्तीचा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. ज्या वाचकाला भय शब्दांतून कसे रचले जाते हे कळते, त्याला भोंदू माणूस ते कसे रचतो हेही ओळखता येण्याची शक्यता अधिक असते. म्हणून या कथांचा अभ्यास केवळ करमणुकीचा विषय मानू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या गावात सांगितली जाणारी एखादी भुताची गोष्ट लिहून काढा. तिला भयकथेचे रूप देताना कोणते बदल करावे लागतील, ते सांगा.
२. ‘कथेतील भीतीला शेवटचे पान असते’ हे विधान आपण वाचलेल्या एका भयकथेच्या आधारे स्पष्ट करा.