इंजिन, मिस्तरी आणि अधिकृत शिक्का

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, तेव्हा मोट जवळजवळ आठवणीत गेली होती, विजेच्या मोटारी येत होत्या, आणि जिथे तारा पोचल्या नव्हत्या किंवा पोचूनही वीज नसे, तिथे डिझेल इंजिन धडधडत होतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी ससून डॉकच्या नाखव्याला पडणारा प्रश्न जालन्याच्या बागायतदारालाही तेव्हापासून पडत आला आहे: इंजिन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे न्यायचं, की आपल्या मिस्तरीला बोलवायचं? या चार दशकांकडे पाहिलं की वाटतं, भांडण माणसांमधलं नव्हतंच. इंजिनाची जात बदलत गेली तशी शिक्क्याची किंमत वाढत गेली. विक्रीनंतरची जबाबदारी मात्र तितकी वाढली नाही.

सुरुवातीची इंजिनं सोशिक होती. इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर राजकोटकडे बनणारी जड फ्लायव्हीलची इंजिनं मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेत. हँडल मारून ती सुरू होत, झीज डोळ्यांना दिसे, आवाजावरून दुखणं कळे. रिंगा बदलणं, व्हॉल्व्ह घासणं, गॅस्केट बसवणं बांधावरच होई. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची १५०० फेऱ्यांची हलकी इंजिनं रुळली, तसे नोझल आणि फ्युएल पंप नाजूक झाले. त्यातली फट काही मायक्रॉनची असते. ती बोटांनी कळत नाही, टेस्ट बेंच लागतो. तिथून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावची फेरी सुरू झाली. पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांना थंडावाही विहिरीच्याच पाण्याचा. पंपातून एक नळी काढून ती जॅकेटला जोडलेली. बेसाल्टातलं आपलं पाणी जड, त्यामुळे आत क्षार धरतात, इंजिन तापतं आणि हेडला तडा जातो. मासेमारी बोटीच्या इंजिनाला हाच त्रास खाऱ्या पाण्याने होतो. तिथे समुद्राचं पाणी बहुधा हीट एक्स्चेंजरपुरतं ठेवतात आणि गंज खाण्यासाठी जस्ताचे तुकडे बसवून ते वेळच्या वेळी बदलतात. म्हणजे त्या धंद्यात देखभाल बिघाडाची वाट पाहत नाही. आपल्याकडे इंजिन बंद पडल्यावरच मिस्तरी आठवतो, आणि याचा दोष मिस्तरीला देता येत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात या सवयीची किंमत दिसली. मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवण्याची धडपड चालू होती आणि अंबड-घनसावंगीकडची अनेक झाडं तरीही वाळली. विहिरीला पाणी नसल्यावर पंपाच्या इंजिनाचं काम संपतं. बागेचा भार टँकर ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर येतो. अशा दिवसांत बंद पडलेला ट्रॅक्टर चार दिवस शेडमध्ये उभा राहणं म्हणजे चार पाळ्या चुकणं. तेव्हा बिलाइतकाच महत्त्वाचा हिशोब असतो तो सुटा भाग जालन्यात आहे की नाही याचा. अधिकृत विक्रेत्याचं खरं भांडवल हेच, निदान असायला हवं.

यावर आक्षेप ठरलेला: विक्रेता महाग पडतो, मिस्तरी शेतात येतो आणि उधारीवर थांबतो. खरं आहे. कंपनीचा माणूस कधी साधी सील बदलायची तिथे अख्खा भाग बदलायला सांगतो, हेही खरं. पण डुप्लिकेट फिल्टरमधून गेलेली धूळ लायनर खाते, आणि त्याचं बिल पुढच्या हंगामात येतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. कॉमन रेल आणि संगणक आले, इंधनाचा दाब वातावरणाच्या हजारपटीपलीकडे गेला. चूक शोधणारं यंत्र कंपनीच्या हातात, म्हणजे शेतकरी बांधला गेला. अमेरिकेत याच तक्रारीतून कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये जी चौकट आखायला घेतली, तिच्या चार क्षेत्रांतही शेतीची यंत्रं आहेत. आक्षेप मान्य करूनही इतकं म्हणावं लागतं की, असं इंजिन पान्यावर आणि कानावर सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. माहिती आणि सुटे भाग मिस्तरीलाही रीतसर विकत मिळावेत, ही मागणी करता येते. विक्रेत्याला टाळून ती पुरी होत नाही.

आता प्रश्न इंजिनाच्याही पुढे सरकला आहे. २०१९ च्या कुसुम योजनेपासून सौर पंप येत आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी यादीतून पुरवठादार निवडतो आणि देखभाल पाच वर्षं त्याच्याकडे असते. डिझेलच्या काळात अशी लेखी जबाबदारी क्वचितच मिळाली, म्हणून ही अट चांगलीच. पण यादीतला पुरवठादार निवडताना पॅनेलच्या दर्जाइतकीच एक चौकशी करावी: कंट्रोलर जळाला तर माणूस मंठ्याला किंवा भोकरदनला कुठून येणार, आणि सहाव्या वर्षी तो येणार का? करारात पाचच वर्षं लिहिलेली आहेत.